आमची वाटचाल : बारा बंद आणि नऊ ठोकळे

शिवजयंती तारखेची की तिथीची, हा वाद आमच्या दुकानात कुणी काढू नये. आम्ही दोन्ही पाळतो. १९ फेब्रुवारीला एक सीझन, वैशाख शुद्ध द्वितीयेला दुसरा, मग ६ जूनला रायगडावर जाणारी मंडळं, आणि शेवटी दसरा. कोल्हापुरात मिरवणुकीचे पोशाख भाड्याने देणाऱ्याला याहून मोठा आशीर्वाद नाही.

आजोबा जयप्रभा स्टुडिओच्या कपडेपटात शिंपी होते. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओ जळाला, त्यात कपडेपटही गेला. आजोबांनी घरी दुरुस्तीला आणलेले सात अंगरखे तेवढे वाचले. पुढे गल्लीतल्या एका तालमीला मिरवणुकीसाठी मावळे हवे होते, तर तेच अंगरखे दिले. दुकान असं सुरू झालं. बोर्ड वडिलांनी लावला, त्याला बरीच वर्षं गेली.

वडिलांची खरी कमाई म्हणजे पगडीचे नऊ ठोकळे. सागवानी, प्रत्येकाच्या बुडाला तापल्या सळईने डागलेला नंबर. तीन नंबर शिंदेशाहीचा, पाच नंबर पुणेरीचा. कापडाला खळ लावून ते ओलं असतानाच ठोकळ्यावर ओढायचं, घडी बोटाने नाही तर शिंगाच्या पट्टीने बसवायची, आणि उन्हात कधीच नाही, सावलीत दोन दिवस वाळवायची. एका पगडबंदाकडून वडील हे शिकले. हल्ली पगडी पुठ्ठ्याच्या साच्यावर ग्लू-गनने चिकटवतात. मिरजकर तिकटीवरनं निघालेली मिरवणूक महाद्वार रोडला पोचेपर्यंत उन्हाने ग्लू सुटतो आणि सरदाराचा तुरा कानावर येतो. मी बघितलंय. हसलो नाही, असं म्हणणार नाही.

मधली वीसेक वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते भागीदाराचं. नाव घेत नाही, कोल्हापुरात ज्याला कळायचं त्याला कळेल. वडिलांच्या हाताखाली शिकला, आमच्याच घरी जेवला, वडिलांनी चार आण्यांची भागीदारी दिली. एका दिवाळीनंतर वेगळा झाला, आणि खाकी कागदावरचे आमचे सगळे खाके त्याच्या ट्रंकेतून गेले. त्याचं दुःख एवढं नाही. खाके नेले ते नेले, निदान त्यावर बेतायचं तरी! बाराबंदी म्हणजे बारा बंदांनी बांधायचा अंगरखा. त्याच्या बाराबंदीला पुढे नुसते शोभेचे बंद शिवलेले असतात आणि पाठीला चेन असते. चेन! पोराला घालायला सोपी पडते म्हणे. मंडळांना भाडं कमी पडतं, म्हणून गिऱ्हाईकं तिकडे वळली.

वळले नाहीत ते एका तालमीचे आबा. त्यांचा हिशेब साधा होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सामान परत द्यायला यायचे आणि पुढच्या दसऱ्याचा विसार ठेवून जायचे, पाचशे एक. सामान नेताना प्रत्येक बाराबंदी काउंटरवर पसरून बंद मोजायचे. एखादा तुटका असेल तर म्हणायचे, "लेका, ही अकराबंदी मला कशाला देतोस?" मी तिथेच सुई घेऊन बसायचो.

मग २०१९ चा ऑगस्ट. आमचं दुकान शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. आम्ही खालचं सामान वरच्या फळीवर चढवलं आणि निर्धास्त झालो, कारण आधीच्या पुरात पाणी काउंटरलाही लागलं नव्हतं. या वेळी फळी बुडाली. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर आत वास मखमलीचा. भिजून कुजलेल्या मखमलीचा वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. जरतार काळी पडलेली. सुतळी विणून चंदेरी रंग दिलेली अठरा चिलखतं फुगून एकमेकांना चिकटलेली, उचलली तर गाळाचा गोळा हातात. अब्दागिऱ्यांचे नुसते दांडे उरलेले.

विम्याचा माणूस आला. त्याने बघितलं, फोटो काढले आणि कागदावर लिहिलं, 'जुने कपडे'. मी म्हटलं, साहेब, हे जुने नाहीत, जुन्यासारखे केलेत, त्यालाच तर पैसे लागतात. त्याने पेन खिशात ठेवलं. जे मिळालं त्यातून गाळ काढायची मजुरीसुद्धा पुरती निघाली नाही.

ठोकळे मात्र सापडले. सागवान असलं तरी जुनं, सुकलेलं लाकूड, तरंगलं. सहा ठोकळे मागच्या खोलीतच छतापाशी अडकलेले होते. सात आणि आठ नंबर शेजारच्या गॅरेजात. तीन नंबर चार दिवसांनी नाल्याच्या काठी भंगार गोळा करणाऱ्या एका बाईकडे मिळाला. ती त्यावर बसून चहा पीत होती. पन्नास रुपये मागितले, शंभर दिले.

धंदा बंद करायचं ठरवून टाकलं होतं. २०२० ला तर मिरवणुकाच नव्हत्या. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबा मास्क लावून आले. परत द्यायला सामान नव्हतं, विसार तेवढा ठेवला. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं, पण तोवर मी सगळं सामान मंगळवार पेठेत मेहुण्याच्या माडीवर हलवलं होतं. हा धंदा करणाऱ्या तरुणांना सांगतो, गोदाम नेहमी उंचावर घ्या, भाडं जास्त पडलं तरी. आणि जरीचे कपडे कधीही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलीत गुंडाळा.

उभं केलं ते २०२२ ने. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष. ६ मेला अख्खं शहर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं, आणि त्या वर्षात चित्ररथांना तोटा नव्हता. एका मंडळाला देखावा हवा होता तो नोव्हेंबर १९२१ चा, प्रिन्स ऑफ वेल्सने पुण्यात शिवस्मारकाची पायाभरणी केली तो. आधी ते आमच्या जुन्या भागीदाराकडे गेले होते. त्याने शाहू महाराजांच्या सोबतच्या मंडळींना काय द्यावं? बाराबंद्या आणि चिलखतं! अहो, अडीचशे वर्षांचं अंतर आहे. १९२१ च्या सरदाराच्या अंगावर लांब कोट असतो, डोक्याला फेटा असतो. मंडळातल्या एका शिक्षकांना शंका आली म्हणून ते आमच्याकडे आले. आम्ही फोटो बघून बेतलं. फेटे आठ-नऊ मीटरचे, प्रत्येक डोक्यावर तिथेच बांधलेले. तयार टोपीसारखा फेटा आम्ही देत नाही, देणारही नाही. राजपुत्राला लष्करी पोशाख दिला, त्याच्या बटणांसाठी चार दिवस हिंडलो.

दर दसऱ्याला संध्याकाळी मी दसरा चौकात उभा असतो. छत्रपतींची मेबॅक गाडी येते, पालख्या येतात, शमीपूजन होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि लोक सोनं लुटायला लकडकोटाकडे धावतात. मी सोन्याकडे नाही, मानकऱ्यांच्या डोक्यांकडे बघतो. कुठला फेटा कुणी बांधलाय ते मागून ओळखू येतं.

आबा गेल्या वर्षी वारले. विसार आता त्यांचा नातू ठेवतो, गूगल पेवर पाठवतो. बंद मोजत नाही. मी मोजतो.

आणि गेल्या पावसाळ्यात भागीदाराचा मुलगा दुकानात आला. एका घराण्याला लग्नासाठी खरी शिंदेशाही पगडी हवी होती, पुठ्ठ्याची चालणार नव्हती. "काका, तीन नंबर आठ दिवस मिळेल का?" नंबर त्याला बापाने सांगितला असणार. मी ठोकळा पुसून काढून दिला. डिपॉझिट पूर्ण घेतलं, आणि वहीत नावाच्या रकान्यात लिहिलं, 'बाहेरचं गिऱ्हाईक'.