भिंतीपलीकडची पंगत

शुक्रवार, २० मार्च २०२६

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मागचं दार उघडलं. कडी मुद्दाम जरा जोरात वाजवली. एरवी तेवढ्या आवाजावर पेरूवरून पहिली साळुंकी खाली उतरते, मागोमाग होल्यांची जोडी येते आणि चिमण्या जास्वंदीत शिरून आपसात भांडायला लागतात. आज काही नाही. दगडावर दोन मुठी ज्वारी टाकली, परळातलं शेवाळ काथ्यानं घासून ताजं पाणी भरलं आणि चहा घेऊन पायरीवर बसलो. चहा निवला, त्यावर साय धरली. ती बोटानं बाजूला सारून प्यायलो. तरी ज्वारीवर मुंग्या सोडल्या तर कुणी फिरकलं नाही.

नऊ दिवस. नऊच दिवस नव्हतो मी.

काल गाडी खंबाटकी चढत होती तेव्हापासून मनात हीच सकाळ घोळत होती. किती गलका होईल, कोण आधी उतरेल. शेंगदाणे संपलेत का, याचीसुद्धा काळजी केली आणि स्टँडवर उतरल्याबरोबर पावशेर घेतले. पाडवा तिकडेच, पुण्यात धाकट्याकडे झाला. बरोबर दिलेल्या पिशवीत पुरणपोळ्या आहेत, साखरेची गाठी आहे. अजून सोडलेली नाही.

आत मोबाइल सारखा वाजत होता. आज जागतिक चिमणी दिन. २०१० पासून पाळतात, हे मला दरवर्षी वीस मार्चला निदान चार जण कळवतात. साडेसातपर्यंत ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर अकरा चिमण्या आल्या. त्यातली एक चिमणी नव्हतीच, सुगरण होती. एकानं तर चिमणी दिनाच्या शुभेच्छा म्हणून मायणीच्या तलावावरचे रोहित पक्षी पाठवले. मी सगळ्यांना हात जोडलेले पाठवले. ग्रुपवर अकरा, परसात शून्य.

आठाच्या सुमाराला पलीकडून कलकलाट ऐकू आला. ओळखीचा. आपल्या घरातल्या माणसाचं हसणं दुसऱ्याच्या ओसरीवरून ऐकू यावं, तसा. भिंतीशी जुना पाटा पडलाय, त्यावर चढलो (ही इथे असती तर चढू दिलं नसतं) आणि वाकून पाहिलं. वहिनींच्या कपडे धुवायच्या दगडावर पंगत बसली होती. साळुंक्या सात, होले तीन, चिमण्या मोजता येईनात. आणि मधोमध, यजमानीण असल्यासारखी, लंगडी.

तिची उजव्या पायाची दोन बोटं मांज्यात गेलीत. त्यावरूनच ती ओळखू येते, नाहीतर साळुंक्या साळुंक्यांसारख्याच. गेल्या पावसाळ्यापासून ती माझ्या चपलेपासून दीड हातावर येऊन शेंगदाणा उचलते. दुसऱ्या कुणासाठी एवढी जवळ येत नाही, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगून आलोय. तिनं मान तिरकी करून एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, नीट पाहायचं तर मान तिरकी करावीच लागते, हे मला कळतं. तरी आजची मान जरा जास्तच तिरकी होती. मग ती खाली वाकली आणि शेव खायला लागली.

शेव! तिखट-मीठ घातलेली, तळलेली शेव. मी दोन वर्षं मीठ लागू दिलं नाही त्यांना. भात घातला तर तोही अळणी, वेगळा काढलेला.

लहानपणी चिऊताई दार उघडत नाही त्या गोष्टीत मी नेहमी चिऊच्या बाजूनं असायचो. आज त्या पाट्यावर उभा राहून पहिल्यांदा काऊचं काय झालं असेल ते कळलं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर ही वही खोटी पडेल. वहिनींना ज्वारीचा डबा मीच देऊन गेलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी, भिंतीवरून. "जावा की निवांत भाऊजी, पाखरांचं काय, मी बघते," असं त्या म्हणाल्या होत्या. आता माझ्या मनात होतं की त्या बोळातून येऊन फाटक उघडतील, तीन पायऱ्या उतरतील आणि माझ्या दगडावर दाणे टाकतील. तसं मी बोललो का? बोललो असेन. त्यांचे गुडघे कसे आहेत ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला नव्हतं अशातला भाग नाही.

तर ज्यांच्यावर रागवायचं त्यांना कामाला मीच लावलेलं. रागाला बसायला जागाच नाही, आणि म्हणून तो सकाळपासून घरभर फिरतोय.

पुण्यात धाकट्याच्या गॅलरीला जाळी लावलेली आहे. सातवा मजला. जाळीबाहेरच्या कठड्यावर कबुतरं येऊन बसतात आणि बाळ प्रत्येकाला 'काऊ' म्हणतं. परवा घारीलाही काऊ म्हणालं. मी परसातल्या पाखरांचं सांगत होतो, तर धाकटा म्हणाला, बाबा, असं रोज खायला घालणं बरं नव्हे. त्यांना सवय लागते, ती परावलंबी होतात. गेल्या वर्षी दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रामायण झालं, तो दाखला होताच. मी म्हटलं, कबुतरांची गोष्ट वेगळी, हजारांनी जमतात, दमेकऱ्यांना त्रास होतो. परसातली चिमणी वेगळी. तो म्हणाला, तत्त्व तेच. मी गप्प बसलो, पण नंतरचे सगळे दिवस डोळ्यांपुढे तो रिकामा दगड आणि त्याभोवती ताटकळलेली पाखरं. हिला दोनदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग जा तुम्ही घरी." कुठल्या सुरात म्हणाली ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

परावलंबी म्हणे. आज सकाळभर मी एखादा तरी परावलंबी शोधत होतो.

दहाच्या सुमाराला डोकं ताळ्यावर आणायला कारणं मांडून बघितली. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलंय. मार्च आहे, किल्ल्याच्या उतारावर काटेसावरी फुलल्या असतील. झाडावर पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यातला मध प्यायला साळुंक्या, बुलबुल, कावळेसुद्धा तोंड खुपसून बसतात. या दिवसांत दगडावरची ज्वारी कोण विचारतो? शिवाय चिमण्यांची वीण चालू असणार. पिल्लांना पहिले काही दिवस दाणा पचत नाही, त्यांना मऊ अळ्या-किडे लागतात. आईबाप दिवसभर तेच धुंडाळत असतात. सगळी कारणं अगदी चोख होती. ती भिंतीच्या अलीकडेच लागू का होतात आणि पलीकडे का होत नाहीत, एवढंच बसत नव्हतं.

बरं, मी नसलो तरी चालतं, हे काही मला आज नव्यानं कळत नाहीये. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी सहज ऑफिसात डोकावलो होतो. माझी सही झाल्याशिवाय बिल पुढं सरकत नाही, असं तीस वर्षं मला वाटायचं. बिलं सरकत होती. जरा जास्तच वेगानं. चहा पाजला त्यांनी, खुर्चीही दिली, भिंतीकडची. तो विषय आता कशाला.

पण नऊ दिवसांत? माणूस गेला तर दहा दिवस सुतक पाळतात. यांना दहावासुद्धा थांबवेना. उद्या माझ्या पिंडाला शिवायला कावळा यायचा, तर तोही आधी वहिनींच्या दगडावर शेव आहे का ते बघून येईल.

हे लिहिताना मला हसू आलं, हे कबूल करतो. पण सकाळी आलं नव्हतं.

साडेअकराला ज्वारी तशीच होती. उन्हात दगड तापलेला. म्हटलं, गोळा करून ठेवू, निदान घुशी तरी येणार नाहीत. त्या निमित्तानं परस झाडून घ्यावं म्हणून खराटा काढला. नऊ दिवसांचा पाचोळा साचला होता. आंब्याची जुनी पानं, पेरूची पानं, पायाखाली पापडासारखी मोडणारी. एक कोपरा झाडून झाला आणि मागं कर्र-कर्र असं भांडण सुरू झालं. वळून पाहिलं तर सातभाई. मोजले, आठ निघाले. यांचं नाव सातभाई, पण मी तरी अजून नेमके सात पाहिले नाहीत. कधी सहा, कधी नऊ.

आजवर ते आमच्या भिंतीवरून शिव्या देत नुसते पुढे जायचे. एकदाही खाली उतरले नव्हते. आज आठच्या आठ आंब्याखाली उतरले आणि पानं उलटायला लागले. चोचीत पान धरायचं, भिरकावायचं, खाली जे वळवळेल ते उचलायचं. एक जण तेवढा खालच्या फांदीवर राखणीला बसलेला, तो थोड्या वेळानं खाली आला आणि दुसरा वर गेला. कुणी ड्यूटी लावून दिली होती कोण जाणे. आमच्याकडे रजेच्या अर्जावरून मारामाऱ्या व्हायच्या. त्यांच्यामागून, थोडं अंतर राखून, दयाळाची मादी, राखी रंगाची, शेपूट उभारून, त्यांनी उलटून टाकलेलं परत तपासत येत होती.

मी खराटा धरून तसाच उभा. पायाला मुंग्या आल्या, पण हललो नाही. वीस मिनिटं असेल.

दोन वर्षं रोज सकाळी दाणे टाकायच्या आधी मी परस झाडतो. पान म्हणून ठेवत नाही. ही कौतुक करायची त्याचं, मीही स्वतःचं करून घ्यायचो. त्या पाचोळ्याखाली एवढी भरलेली कोठी असते हे पुस्तकात वाचून माहीत होतं, पण ते जंगलाचं, आपल्या परसाचं नव्हे. म्हणजे रोज मी एका हातानं वाढत होतो आणि दुसऱ्या हातानं कुणाचं तरी ताट उचलून उकिरड्यावर टाकत होतो. नऊ दिवस खराटा लागला नाही आणि हे आठ जण जेवायला आले. माझ्या गैरहजेरीची अशी पोचपावती मिळेल असं वाटलं नव्हतं.

झाडलेला ढीग पायानंच पुन्हा पसरून दिला. खराटा न्हाणीत नेऊन ठेवला.

पाच वाजता हिचा फोन.

"आली का पाखरं?"

"आली."

"सगळी?"

"बरीच. सातभाई उतरले आज, आठ."

"आणि लंगडी?"

"आहे. जाड झालीय."

मग बाळाच्या दातांचं झालं, रात्रीच्या जागरणांचं झालं. मग म्हणाली की सूनबाईंची रजा संपतेय, पाळणाघराचं अजून जमत नाही, तर मेऐवजी जूनपर्यंत राहावं लागेलसं दिसतंय. मी म्हटलं, "राहा की निवांत." बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे शब्द वहिनींचे.

संध्याकाळी भिंतीवरून हाक आली. वहिनी, हातात माझा डबा, घासून लखलखीत केलेला.

"हा घ्या भाऊजी. ज्वारी मंगळवारीच संपली. मग काय, भात घातला, शेव घातली. लई आवडीनं खात्यात."

शेवेवर बोलायचं सकाळपासून तयार करून ठेवलं होतं. मीठ, तेल, मूत्रपिंड, सगळं मुद्देसूद. पण त्या डबा पुढं करत होत्या आणि सोडत नव्हत्या. झाकणावरून पदर फिरवत म्हणाल्या, "आता तुम्ही आलाय म्हणजे इकडं यायची बंद हुतील. सकाळी दंगा असायचा, बरं वाटायचं. आमच्यात आता असतंय कोण?"

गेल्या श्रावणापासून त्या घरात सकाळी रेडिओ लागत नाही. हे मला ऐकू येतं, म्हणजे ऐकू येत नाही. त्याबद्दल कधी आम्ही बोललेलो नाही आणि भिंतीवरून बोलण्यासारखं ते नव्हेही.

डबा आत नेला. माणच्या शाळूचं पोतं अजून निम्मं आहे. डबा गच्च भरून परत दिला.

"शेव नको वहिनी, त्यात मीठ असतं. हीच घाला, दोन मुठी, पुरे. आणि शेजारी पाणी ठेवा, उथळ परळात. रोज बदलायचं."

"आणि ती एक लंगडती बघा, तिला काय वेगळं लागतंय का? ती लई जवळ येती माझ्या."

"नाही," म्हटलं, "तिला काही वेगळं नाही. सगळ्यांबरोबरच खाते ती."

शेंगदाण्यांची पुडी आत फळीवर, चहाच्या डब्यामागं ठेवलीय. उद्या कडी हळूच काढणार आहे.