ड्रॉईंगची लिंक उघडेना तेव्हा : माझा अनुभव

चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत काम करतो. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. कस्टमरचं डिझाईन सेंटर जर्मनीत आहे आणि पार्टच्या ड्रॉईंगमध्ये काही बदल झाला की तिथून मेल येतो. पूर्वी पीडीएफ मेललाच जोडलेली असायची. आता थ्रीडी मॉडेलसकट सगळं क्लाउडवर आणि मेलमध्ये नुसती लिंक. ती उघडली नाही तर मशीनवर जुन्याच रिव्हिजनचा माल पडत राहतो, त्यामुळे हा प्रश्न कॉम्प्युटर-नेटवर्क सांभाळणाऱ्या आयटीवाल्यांवर सोडून देण्यासारखा नव्हता.

एकदा असाच मेल बुधवारी रात्री आला. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी सकाळी लिंक उघडली तर ड्रॉईंगच्या जागी कोडसारख्या दिसणाऱ्या दोन-चार ओळी. आमच्या आयटीने सांगितलं, एक्स्पायर झालीये, नवी मागवा. नवी मागवली. ती संध्याकाळी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचंही तेच.

तेव्हा मी तो लांबलचक पत्ता नोटपॅडमध्ये टाकून नीट वाचला, आणि हे प्रत्येकाने एकदा करावं असं मला मनापासून वाटतं. फाईल अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजवर होती. तिथल्या सही केलेल्या लिंकमध्ये (म्हणजे ठरावीक वेळेपुरतीच फाईल उघडू देणाऱ्या लिंकमध्ये) ती कधी बनली आणि किती वेळ चालणार, हे पत्त्यातच लिहिलेलं असतं. तारखेपुढे ‘टी१४३०००झेड’ असं होतं. म्हणजे दुपारचे अडीच, पण यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. त्यात साडेपाच तास मिळवले की आपले रात्रीचे आठ. त्यापुढे ‘एक्स्पायर्स’ला आकडा होता ६०४८००. हे सेकंद, म्हणजे बरोबर ७ दिवस. अशा लिंकला याहून जास्त मुदत देताच येत नाही.

मग ७ दिवसांची लिंक एका रात्रीत कशी गेली? उत्तर त्या कोडसारख्या ओळींतल्या एररमध्येच होतं. मुदत सरली असती तर ‘रिक्वेस्ट हॅज एक्स्पायर्ड’ आलं असतं. इथे ‘एक्स्पायर्ड टोकन’ होतं, आणि पत्त्यात ‘सिक्युरिटी टोकन’ नावाचा एक भलामोठा तुकडाही होता. टोकन म्हणजे तात्पुरता परवाना. कस्टमरचं पोर्टल ज्या परवान्यावर लिंक बनवत होतं, तो परवानाच काही तासांचा होता. तो संपला की लिंकही संपते, मग तिच्यावर ७ दिवस लिहिलेले असोत की १. जर्मनीत दुपारी बनलेली लिंक आम्ही कामावर येईपर्यंत जाणारच होती.

हे सगळं मी स्क्रीनशॉटसह कस्टमरकडच्या मॅडमना लिहिलं. आधीच्या मेलला ‘न्यू लिंक अटॅच्ड’ एवढंच उत्तर यायचं. या मेलनंतर त्यांनी पोर्टल सांभाळणाऱ्या टीमला सोबत घेऊन कॉल लावला. टोकनचं नाव घेताच पलीकडच्या माणसाला दुखणं कुठे आहे ते कळलं.

त्याच सुमारास ऑडिटसाठी जुने मेल काढले, तेव्हा न उघडणाऱ्या आणखी लिंका सापडल्या. त्यातल्या काही एक्स्पायर झालेल्याच नव्हत्या. त्या शेअरपॉइंटवरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फाईल शेअर करायच्या जागेवरच्या होत्या आणि ठरावीक व्यक्तीच्या आयडीसाठी बनवलेल्या. मेल फॉरवर्ड केला म्हणून परवानगी फॉरवर्ड होत नाही. प्लॅनिंगच्या एका सहकाऱ्याला मुळात मेल आला होता. त्याच्या आयडीने, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लिंका लगेच उघडल्या. एक मात्र कायमची गेली, कारण फाईल ज्यांच्या वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्याच वैयक्तिक साठ्यात) होती ते नोकरी सोडून गेले होते. खातं काढल्यावर तिथला साठा मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसच राखला जातो. ती रिव्हिजन कस्टमरला त्यांच्या मूळ मास्टर फाईलमधून पुन्हा काढून द्यावी लागली.

ऑडिटच्या बाजूने बघितलं तर मला एक गोष्ट अजून खटकते. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे कस्टमरने कळवलेला इंजिनिअरिंग बदल कामाच्या १० दिवसांत तपासून व्हायला हवा. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी ७ दिवसांची लिंक तपासणी संपायच्या आत जाऊ शकते. म्हणून आता मेल आला की ज्याची पाळी असेल तो आधी फाईल उतरवून घेतो, कंट्रोल्ड कॉपीच्या (अधिकृत, नोंद ठेवलेल्या प्रतींच्या) फोल्डरमध्ये मिळाल्याच्या तारखेसह ठेवतो आणि मगच बाकीचं बघतो. सुट्टीच्या दिवशीही एकजण मेल उघडतो.

कस्टमरने आता शेअरपॉइंटवर कायमचा फोल्डर दिला आहे, क्वालिटी आणि प्लॅनिंगच्या माणसांना नावानिशी परवानगी देऊन. बाहेरच्यांच्या अशा परवानगीलाही मुदत लावता येते. ती किती आहे हे मी त्यांच्याकडून लेखी मागून घेतलं आणि नूतनीकरणाची तारीख गेज कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजमापाची साधनं तपासायच्या तक्त्यातच टाकली, कारण तो तक्ता आमच्याकडे रोज उघडला जातो.