पॉजरकाका कोणाच्या घरी?

एका इंग्रजी विनोदी पुस्तकातले पॉजरकाका आमच्या गावात नेमके कोणाच्या घरी राहतात, यावर वाचनालयात एकमत होणं शक्य नाही. पाटलीणकाकूंच्या मते ते गावात औषधगोळ्या देणाऱ्या आशाताईंचे सासरे. आशाताईंच्या मते ते खुद्द पाटील. पाटील तिथेच सतरंजीवर बसले होते आणि मांडीवर थापा मारत म्हणत होते, "हाव बाप्पा, असे लोक राह्यतेत!"

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली, त्यात कपाटं, आणि कपाटांच्या किल्ल्या शिपायाच्या घरी. हिवाळ्यात तूर उभी असते, कापूस घरात येत असतो, तेव्हा रात्री जेवणं झाली की मंडळी इथं जमतात आणि निवृत्त गुरुजी एखादं पुस्तक वाचून दाखवतात. यंदा त्यांनी जेरोम के. जेरोमचं ‘थ्री मेन इन अ बोट’ काढलं. पुस्तक इंग्रजी, १८८९ सालचं. गुरुजी एक परिच्छेद मनाशी वाचायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि तो वऱ्हाडीत सांगायचे. लंडनचे तीन सडेफटिंग मित्र आणि एक कुत्रा टेम्स नदीतून होडी वल्हवत किंग्स्टनहून ऑक्सफर्डला निघतात.

"मंग पुढं काय होते?"

"काहीच नाई होत."

या उत्तरानं पहिल्याच रात्री दोन माणसं कमी झाली. उरलेली टिकली ती पॉजरकाकांमुळे. या काकांना भिंतीवर एक तसबीर टांगायची असते. एवढ्यासाठी ते पोरीला खिळे आणायला पिटाळतात, खिळे केवढे हवेत ते सांगायला तिच्यामागे पोराला पिटाळतात, कोणाला दिवा धरायला लावतात, कोणाला शिडी. मग खिळा हरवतो, हातोडी हरवते, शेवटी अंगठा ठेचतो. मध्यरात्री तसबीर एकदाची वाकडी लागते, भिंतीचा सत्यानाश झालेला असतो, घरदार थकून गेलेलं असतं. आणि काका म्हणतात, एवढ्याशा कामाला काही लोकांनी माणूस बोलावला असता! इथं वाचनालयाचं छप्पर उडायचं बाकी होतं. पाटलीणकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "गुरुजी, हे तं तुमी आमच्या गल्लीतलं सांगून राह्यले."

माझं लक्ष मात्र कोण कोणाकडे बघून हसतंय याकडे होतं. स्वतःकडे बघून एकही जण हसत नव्हता. गोष्ट सांगणारा तो ‘जे’ म्हणतो, मला काम फार आवडतं, मी तासन्‌तास कामाकडे बघत बसू शकतो. हे ऐकताच सगळ्यांनी वेचणीवरच्या मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं शिपायाकडे पाहिलं. शिपाई कपाट पुसत होता, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. जेरोमचीही गंमत हीच आहे. त्याच्या नायकाला जॉर्ज आळशी दिसतो, हॅरिस आळशी दिसतो. तिघांत राबणारा म्हणून एकटा तोच. पुस्तक आलं तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली होती, ही कसली कारकुंड्यांची भाषा म्हणून. लोकांनी तरी ते उचलून धरलं. गुरुजींना ही माहिती इतकी आवडते की नवा माणूस दारात दिसला की ते ती पुन्हा सांगतात.

सगळंच जमलं असं नाही. अननसाच्या डब्याचं प्रकरण पडलं. डबा उघडायचं हत्यार घरी विसरलं, मग तिघंही शिडाच्या डोलकाठीनं डबा ठोकत बसले, यावर इंग्रज लोक म्हणे पोट धरून हसतात. आमच्याकडे प्रश्न आला, "पहिलेच इळा कायले नाई नेला?" उरलंसुरलं सगळं एका पातेल्यात टाकून ते रस्सा शिजवतात आणि कुत्रा त्यात भर म्हणून मेलेला पाणउंदीर घेऊन येतो, तिथं बायकांनी सरळ पदर नाकाला लावला.

आशाताई मात्र पहिल्याच प्रकरणावर खूश होत्या. ‘जे’ ब्रिटिश म्युझियममध्ये बसून वैद्यकाचं पुस्तक चाळतो आणि अकारविल्हे सगळे रोग आपल्याला आहेत अशी त्याची खात्री पटते. एकच रोग तेवढा नसतो, मोलकरणींच्या गुडघ्याला होणारा, आणि तो का नाही म्हणून त्याला अपमान वाटतो. आशाताई म्हणाल्या, आता लोक हेच मोबाइलमध्ये पाहून येतात, आणि गोळी दिली तर "एकच?" म्हणून रुसतात. डॉक्टर त्याला बीफस्टेक, बिअर, दहा मैल चालणं आणि वेळेवर झोप लिहून देतो. वर सांगतो, न कळणाऱ्या गोष्टी डोक्यात भरू नकोस. यातल्या पहिल्या दोन औषधांवर पुरुषमंडळींनी बरीच चर्चा केली.

बोट दुसऱ्याकडे न दाखवता सगळे एकदम हसले ते पावसावर. वर्तमानपत्रात लिहिलेलं असतं, आज मुसळधार पाऊस. ‘जे’ आणि मंडळी घरात कोंडून घेतात, बाहेर फिरायला निघालेल्यांना हसतात, आणि दिवसभर लख्ख ऊन पडतं. दुसऱ्या दिवशी अंदाज असतो कोरड्या हवेचा. पातळ कपडे घालून निघतात आणि ओलेचिंब होऊन सर्दी घेऊन परततात. हे गुरुजींना सांगावंही लागलं नाही, अर्ध्यातच लोकांनी पुढचं सांगितलं. अंदाजावर भरवसा ठेवून मृगात पेरलं आणि दुबार पेरणी गळ्यात पडली, असं घर गावात शोधायला लागत नाही. इंग्रजाचं शर्टच भिजलं, इथं बियाण्याची थैली जाते. एक म्हातारे म्हणाले, "आपलं भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत बरं. अक्षय तृतीयेले एकडाव आयकलं की सालभर मोकळे." तेवढ्यात शेताची लाइन आली, आणि ओलिताची पाळी असलेले दोघं हसत हसतच बॅटऱ्या घेऊन उठले.

गोरिंगजवळच्या पानाला गुरुजी थोडे अडखळले. होडीपाशी पाण्यावर काहीतरी काळं तरंगत येतं, ते एका बाईचं प्रेत असतं. फसवली गेलेली, घरच्यांनी दारं लावून घेतलेली. शेवटच्या दिवशी ती लेकराला भेटते, त्याच्या हातात चॉकलेटची डबी देते आणि नदीकडे येते. विनोदी पुस्तकात हे कशाला, असं पुष्कळ वाचकांना वाटतं. आमच्याकडे तो प्रश्न निघाला नाही. आशाताईंनी विचारलं, "लेकरू मंग कोनापाशी राह्यलं?" गुरुजींनी पुढची पानं उलटून पाहिली. पुस्तकात ते नाही. मला विचाराल तर जेरोम इथं जरा जास्तच हळवा होतो, पण हे मी त्या रात्री बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मासा निघाला आणि गाडी रुळावर आली. वॉलिंगफर्डहून परतताना लागलेल्या खाणावळीत काचेच्या पेटीत एक भलामोठा ट्राउट असतो. जो येतो तो म्हणतो, हा मी पकडला, आणि माणसागणिक वजन बदलतं. शेवटी जॉर्ज खुर्चीवर चढतो, तोल जातो, पेटी खाली येते आणि माशाचे तुकडे तुकडे होतात. मासा प्लास्टरचा असतो.

यावर फार कोणी हसलं नाही, कारण लगेच वाघ निघाले. टिपेश्वरचं अभयारण्य आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, त्यामुळे प्रत्येकाजवळ निदान एक वाघ आहे. मुकादमाचा वाघ मोटरसायकलला आडवा आला होता. शिपायाच्या वाघानं त्याच्याकडे बघून जांभई दिली होती. पाटलांचा वाघ, त्यांच्याच शब्दांत, "गोऱ्ह्याएवढा" होता; गेल्या उन्हाळ्यात हाच वाघ वासराएवढा होता, हे पाटलीणकाकूंनी लगेच निदर्शनास आणलं. गुरुजी पुस्तक मिटून नुसते बोटानं मासा-मासा अशी खूण करत होते, पण कोणी लक्ष देईना.

मीही माझा सांगितला. पांढरकवड्याच्या रस्त्यावर, भर दुपारी, चांगला पुलाएवढा लांब. पण माझा खरा आहे.