तुम्ही विचारलंत म्हणून: दोन साध्या सापांना पिवळं पिल्लू कसं होतं?

मी बेळगावात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना जीवशास्त्र शिकवते. माझा खानापूरचा एक जुना विद्यार्थी आता बंगळुरात असतो. त्याच्याकडे बॉल पायथन या सापांची जोडी आहे हे कळल्यापासून वर्गात, लग्नकार्यात, सगळीकडे मला हाच प्रश्न येतो. ‘मॅडम, पिल्लांचा रंग आधी सांगता येतो का?’

कोणते रंग निघू शकतात ते सांगता येतं. त्यातली किती पिल्लं कोणत्या रंगाची, ते नाही.

बॉल पायथन मूळचा आफ्रिकेचा, काळा-तपकिरी. त्याच्यातला अल्बिनो मात्र पांढरा-पिवळा दिसतो, कारण शरीरात मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनत नाही, पण पिवळं रंगद्रव्य तसंच राहतं. हा गुण अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून जनुक आलं तरच तो अंगावर दिसतो. एकाकडूनच आलं तर साप साधाच दिसतो, जनुक मात्र पुढे देऊ शकतो. पाळणारे त्याला ‘हेट’ म्हणतात.

त्या मुलाची जोडी हेट म्हणूनच घेतलेली. पहिल्या विणीत चार अंडी, चारही पिल्लं साधी. रात्री फोन: ‘मॅडम, चारात एक अल्बिनो निघायला हवं होतं ना? मला फसवलं.’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात प्रत्येक बाकावर दोन-दोन नाणी दिली. एक नाणं आईचं, एक बापाचं. छापा म्हणजे अल्बिनोचं जनुक, दोन्ही छापा पडले की अल्बिनो. चार वेळा उडवा. सोळा बाकांपैकी पाच बाकांवर एकदाही दोन छापा आले नाहीत! हिशेबही तेच सांगतो: एक अंडं साधं निघण्याची शक्यता पाऊण. पाऊण गुणिले पाऊण असं चार अंड्यांसाठी केलं, की चारही साधी निघण्याची शक्यता 32 टक्के. ‘चारात एक’ ही प्रत्येक अंड्याची स्वतंत्र शक्यता आहे. आधीच्या अंड्यात काय झालं याचा पुढच्याशी संबंध नसतो.

आई-बाप दोघंही हेट असले तरी आठ अंडी सलग साधी निघण्याची 10 टक्के शक्यता असतेच. उलट एकच अल्बिनो निघालं, की आई-बाप दोघांमध्येही ते जनुक आहे हे पक्कं. मला हा भाग फार आवडतो.

आता त्या साध्या पिल्लांचं. ती ‘66 टक्के हेट’ म्हणून विकली जातात. म्हणजे त्यांच्यात 66 टक्के जनुक असतं असं नव्हे. दर तीन साध्या पिल्लांमागे सरासरी दोन हेट असतात, पण कोणती दोन ते नुसतं बघून कळत नाही.

पेस्टल हा रंग वेगळा वागतो. एकाच पालकाकडून जनुक आलं तरी तो दिसतो, दोघांकडून आलं की आणखी उजळ ‘सुपर पेस्टल’ होतो. स्पायडर नावाच्या नक्षीलाही एकच जनुक पुरतं, पण त्यासोबत मान डोलण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो. नुसत्या नक्षीसाठी असा जीव जन्माला घालू नये, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

आणि खानापूर, चंदगडकडच्या पोरांनो, हे सगळं परदेशी सापांचं. त्यांचीही, विणीतल्या पिल्लांसकट, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आपल्या शेतातला नाग किंवा धामण पकडून घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. साप दिसला तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा.

त्या मुलाची दुसरी वीण सध्या इन्क्युबेटरमध्ये आहे. सहा अंडी. दोन महिन्यांच्या आत कळेल.