२०७ व्या किलोमीटरला

लांब पल्ल्याच्या बाईक सहली नेणं हे माझं काम. त्या दिवशी लीडला मी होतो, स्वीपला म्हणजे सगळ्यात मागे माझा सहकारी आणि मध्ये सात गाड्या. सात जणांत एक तरुण मुलगा होता, त्याची जुनी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) गाडी अगदी निगुतीने सांभाळलेली. टाकी ११ लिटरची, सगळ्या ताफ्यात लहान. आदल्या रात्री मी त्याला ॲव्हरेज विचारलं, तर तो म्हणाला, "सर, २८ कुठेच जात नाही." मी वहीत २८ लिहिलं.

सकाळी सगळ्यांनी टाक्या फुल्ल केल्या आणि ट्रिप मीटर शून्यावर आणले. पुढचा पंप १५० किलोमीटरवर आणि त्याच्या पुढचा २२६ वर. २८ च्या हिशेबाने त्याची गाडी ३०० च्या आसपास जाणार होती. म्हणजे पहिला पंप चुकला, तरी दुसरा आरामात गाठता येत होता. कागदावर खोट काढायला जागा नव्हती.

निघालो आणि तासाभरात समोरून वारा सुरू झाला. ताशी तीसचा तरी असावा, कारण हेल्मेट मागे खेचलं जात होतं. रस्ता मोकळा होता, म्हणून मी वेग ९० वर ठेवला. आता विचार केला की वाटतं, तिथेच सावध व्हायला हवं होतं. ९० चा वेग आणि समोरून ३० चा वारा म्हणजे गाडीच्या दृष्टीने हवा १२० ची. वारा नसताना ८० ने जाणाऱ्या गाडीच्या हे दीडपट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो होतो सव्वादोनपट. शिवाय दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा. पेट्रोल प्यायलं जाणारच.

१५० वर पंप आला, पण पेट्रोल संपल्याचा फलक दोरीला लटकत होता. मी सगळ्यांना थांबवून एकेकाला विचारलं. त्या मुलाने खात्रीने सांगितलं, "सर, अजून रिझर्व्हलासुद्धा लागलेली नाही." मी निश्चिंत झालो. अशा गाडीत वरचं पेट्रोल संपलं की गचका बसतो, मग टाकीखालचा नॉब फिरवून तळाचा राखीव साठा, म्हणजे रिझर्व्ह, वापरायचा. त्याचा रिझर्व्ह दोन लिटरचा, म्हणजे तेवढं शाबूत आहे, वर आणखी काही आहे, आणि जायचं फक्त ७६ किलोमीटर. वेग ६० वर आणला आणि निघालो.

माझ्या गाडीच्या मीटरवर त्या दिवसाचं ॲव्हरेज दिसत होतं. एरवी ३२ असतं, ते २३ वर आलं होतं. हा आकडा दोन तास माझ्या डोळ्यांसमोर होता. माझी गाडी जवळपास चाळीस टक्के जास्त पीत होती, तर त्याचीही पिणारच. २८ चे झाले २०. १५० किलोमीटरला साडेसात लिटर गेलेलं, उरलेलं साडेतीनच्या आत. हे गणित मी त्या बंद पंपावर उभं राहून केलं असतं, तर तिथेच सपाट जागेवर त्याच्या टाकीत पेट्रोल घालून निघालो असतो.

२०७ व्या किलोमीटरला, चढाच्या वळणावर, त्याच्या गाडीने दोन गचके खाल्ले. मला आरशात दिसलं. त्याने क्लच दाबला आणि डावा हात टाकीखाली रिझर्व्हच्या नॉबकडे नेला. नॉब पुढे जाईना, कारण तो आधीपासूनच रिझर्व्हवर होता. मागच्या वेळी रिझर्व्हला लागल्यावर त्याने तो फिरवला होता आणि टाकी भरल्यावर परत 'ऑन'वर आणायचा राहिला होता. एरवी साधारण १६५ च्या सुमारास जो झटका बसून सावध केलं असतं, तो बसलाच नाही. गाडी थेट कोरडी झाली.

मागून ट्रक येत होता. माझ्या सहकाऱ्याने चारही इंडिकेटर लावून आपली गाडी त्या मुलाच्या मागे तिरकी उभी केली आणि हात उंचावला. ट्रक हॉर्न देत बाजूने निघून गेला. ते दोन-तीन सेकंद मला अजूनही जसेच्या तसे आठवतात. मुलगा कडेला आला तेव्हा हेल्मेटची पट्टी सोडताना त्याची बोटं थरथरत होती.

त्या वळणावर थांबणं शक्यच नव्हतं. टाकीच्या मधून गाडीच्या चौकटीची नळी जाते, त्यामुळे टाकीच्या तळाला दोन कप्पे पडतात. त्याच्या गाडीचा कॉक, म्हणजे पेट्रोल खाली सोडणारी तोटी, डावीकडे होता, उजव्या कप्प्यातलं थोडं पेट्रोल तिथेच अडकून राहतं. आम्ही तिघांनी गाडी डावीकडे चांगली कलती केली आणि आत खळ्ळ असा आवाज आला. तेवढ्यावर ती सुरू झाली आणि तीनेक किलोमीटरवरच्या रुंद मोकळ्या जागेपर्यंत पोहोचली. मग पुन्हा बंद.

सहकाऱ्याची गाडीही कार्ब्युरेटरवालीच, टाकी मोठी. इंजिन निवेपर्यंत वीस मिनिटं आम्ही नुसते बसून राहिलो. एकाने रबरी नळी काढून तोंडाने पेट्रोल ओढायची तयारी केली, त्याला मी जरा कडक आवाजातच थांबवलं. पेट्रोलचा एक घोट फुफ्फुसात गेला तर जीवावर बेततं. त्याची गरजही नव्हती. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडायची, तिचं टोक पेट्रोलसाठीच्या धातूच्या बाटलीत धरायचं आणि कॉक उघडायचा. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. इंजेक्शनच्या गाडीवर हे कधी करू नये, तिथल्या नळीत दाब असतो. पिवळसर धार करंगळीहून बारीक होती, एक बाटली भरायला कितीतरी वेळ लागला. सगळे त्या धारेकडे बघत होते आणि कोणी बोलत नव्हतं. दीड लिटर काढलं.

राहिलेले सोळा किलोमीटर पन्नासने गेलो. मुलगा माझ्या मागेच होता.

पंपावर त्याने सवयीने गाडी साइड स्टँडवर लावली. मी ती मेन स्टँडवर घ्यायला लावली. कलत्या टाकीत अर्धा लिटर तरी कमी बसतं, सकाळीही तसंच झालं असणार. टाकी भरून झाली, तसा तो गुडघ्यावर बसला, नॉब 'ऑन'वर फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, एकदा हात लावून बघा." मी हात लावून बघितला. मग उरलेल्या सहाही गाड्यांचे नॉब नाहीतर काटे, जे असेल ते, एकेक करून बघितलं आणि वहीतला २८ खोडून शेजारी २० लिहिलं. दुसऱ्या दिवशीचा टप्पा १९० चा होता. तो मी मध्ये तोडून १२० वर थांबा घेतला.