समुद्राच्या तळावरून सायकलने

नेदरलँड्सला येणारे लोक ट्यूलिप बघतात, पवनचक्क्या बघतात. मला मात्र दोन वर्षांपासून वीरिंगरमेरला, समुद्र उपसून काढलेल्या शेतीच्या भागात, जायचं होतं. युरोपच्या सामायिक शेती धोरणाचा जनक म्हणतात तो सिको मान्सहोल्ट तिथे शेती करायचा. आम्ही निफाडकडचे, भाव पडला, निर्यातबंदी आली हे ऐकतच मोठे झालो, त्यामुळे शेतमालाच्या भावाची हमी देणारा माणूस कुठल्या मातीतला होता हे मला बघायचंच होतं.

ॲमस्टरडॅमहून ट्रेनने हूर्न, तिथून भाड्याची सायकल. मेडेंब्लिकला लेली पंपिंग स्टेशन लागतं. १९३० मध्ये समुद्राचं पाणी उपसून जवळपास २०,००० हेक्टर जमीन काढली, ते पाणी उपसणाऱ्या पंपिंग स्टेशनांपैकी हे एक. ते मागे टाकलं की एकदम सगळं सपाट, रस्ते फूटपट्टीने आखलेले, बटाटा, शुगरबीट, गहू, आणि हो, कांदा! कांद्याची पात बघून मी सायकल थांबवून पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

वारा समोरून, त्यामुळे वीरिंगरवेर्फजवळच्या डाइकखाटबॉसला पोचेपर्यंत दम निघाला. नावाचा अर्थ बांधाच्या भगदाडाचं जंगल. १७ एप्रिल १९४५ ला जर्मन सैन्याने इथेच बांध उडवला आणि युद्ध संपायला तीन आठवडे उरलेले असताना सगळा पोल्डर, म्हणजे समुद्र उपसून काढलेली ही जमीन, पाण्याखाली गेला. त्याच्या आधीचा हिवाळा तर भुकेचाच, पश्चिम हॉलंडमध्ये वीसेक हजार माणसं उपासमारीने गेली. मान्सहोल्ट त्या काळात आपल्या शेतावर लोकांना लपवत होता, चोरून धान्य पोचवत होता, आणि युद्ध संपल्यावर ३६ व्या वर्षी थेट शेतीमंत्री झाला. त्या भगदाडापाशी उभं राहिलं की कळतं, पुढचं सगळं धोरण त्या भुकेतून आलंय.

१९५८ मध्ये तो ब्रुसेल्सला युरोपीय समुदायाचा शेतीचा पहिला आयुक्त झाला, १९६२ पासून धोरण सुरू. हिशोब सरळ होता, भाव ठरलेला, त्याच्या खाली बाजार गेला की सरकारी खरेदी, बाहेरून येणाऱ्या मालावर कर, आणि उरलेला माल निर्यात सबसिडी देऊन बाहेर. पण किती पिकवायचं याला मर्यादाच नव्हती, मग काय, कोठारांत लोण्याचे डोंगर. त्यातलंच लोणीतेल आणि दूध पावडर १९७० पासून मदत म्हणून आपल्याकडे आली. अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी ती फुकट वाटली नाही, मुंबईसारख्या शहरांतल्या डेअऱ्यांना विकली आणि त्या पैशातून दुधाचा महापूर योजना उभी केली. तीच पावडर बाजारात स्वस्तात ओतली असती तर आपला दूधवाला शेतकरी बुडाला असता, हे मला फार मोठं वाटतं.

मान्सहोल्टला गडबड सगळ्यात आधी दिसली. १९६८ मध्ये त्यानेच सांगितलं की लहान शेतं एकत्र करा, ५० लाख लोकांनी शेती सोडायला हवी. १९७१ मध्ये लाखभर शेतकरी ब्रुसेल्सच्या रस्त्यावर उतरले, त्यात एकाचा जीव गेला. योजना बारगळली, पण शेती सोडणारे सोडतच राहिले, म्हणजे त्याचं गणित बरोबर होतं पण माणसांचं काय हा प्रश्न तसाच राहिला असं मला वाटतं. पुढे १९८४ ला दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं याची मर्यादा, आला (तो २०१५ ला संपला), १९९२ ला हमीभाव उतरवून थेट पैसे देणं सुरू झालं, आणि २००३ च्या सुधारणेने ते पैसे पिकापासूनच तोडले, म्हणजे काय आणि किती पिकवलं याच्याशी त्यांचा संबंध उरला नाही. आता पर्यावरणाच्या अटी पाळा आणि हेक्टरी पैसे घ्या. जितकी जमीन तितके पैसे, त्यामुळे साधारण ८० टक्के रक्कम २० टक्के लोकांकडे जाते. इथेच मला हे धोरण चुकतंय असं मनापासून वाटतं.

परतताना एका शेताच्या फाटकावर कांदा-बटाट्याच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. मालक आजोबा बाहेरच होते, गप्पा सुरू झाल्या. त्यांची ८० हेक्टर, शेजाऱ्यांची तीन शेतं गेल्या वीस वर्षांत विकली गेली, त्यातलं एक यांनीच घेतलं. "अनुदानाचे अर्ज मुलगा भरतो, मला आता ते समजत नाहीत," म्हणाले. मग तुमच्याकडे काय मिळतं असं विचारलं. मी पीएम किसानचं सांगितलं, वर्षाला ६००० रुपये, फोनवर युरोत करून दाखवले. रक्कम बघून ते गप्पच झाले. मग विचारलं, "हे दर हेक्टरला?"

नाही म्हटलं, कुटुंबाला. एक एकर असो नाहीतर दहा, तेवढेच.

"म्हणजे शेजाऱ्याची जमीन घेतली तरी वाढत नाही?"

नाही वाढत.

ते बराच वेळ त्या विकत घेतलेल्या शेताकडे बघत राहिले आणि मी दोन किलो कांदा घेऊन निघालो.