तिसऱ्या गाण्याला उतरणारी ई

२०२२ चा गणेशोत्सव. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं कोरोनामुळे एकही कार्यक्रम नव्हता. माझा बेस, म्हणजे खालचे स्वर धरणारा गिटार, पलंगाखाली केसमध्ये पडून होता आणि मी कुपवाड एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये पाळ्या करत होतो. जुलैत आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचा फोन आला, "सात तारखा आल्यात, आहेस ना?" मी पुढचं वाक्य न ऐकताच हो म्हणालो.

केस उघडली तेव्हा तारांवर गंज बोटाला लागत होता. आमच्या सांगलीकडचा पावसाळा तारांना सोडत नाही. दुकानात माझ्या नेहमीच्या मापाचा सेट नव्हता. मी ई तार, म्हणजे सगळ्यांत जाड आणि खालच्या सुराची तार, १०० ची वापरायचो, म्हणजे जाडी एक इंचाच्या हजार भागांतले शंभर. तिथे मिळाला तो १०५ चा. मला वाटलं जाड तार बरी, खाली भरीव लागेल. चारही तारा बदलल्या, घरी तासभर वाजवलं, सगळं छान.

पहिला कार्यक्रम तिसऱ्या दिवशी, इचलकरंजीत. पत्र्याच्या मांडवात हॅलोजन लावलेले, बाहेर रिपरिप पाऊस. नांदी झाली, एक भक्तिगीत झालं आणि तिसरं गाणं आमच्या गायिका ताईंचं. त्यांनी मागे वळून सांगितलं, "पांढरी तीन." बेसवाल्याला याहून सुखाची पट्टी नाही. पांढरी तीन म्हणजे ई, म्हणजे माझी सगळ्यांत खालची तार मोकळी सोडली की षड्ज. सेकंदाला ४१ कंपनं. तो स्वर कानाला ऐकू येण्याआधी फळ्यांतून पायाला जाणवतो.

पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला मला काहीतरी बोचायला लागलं. कीबोर्डचा षड्ज आणि माझा षड्ज एकमेकांना घासत होते. ताईंनी एकदा मागे पाहिलं. रागावून नाही, पण गाणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी कोणी हळूच ओढावी तसं त्यांना झालं असणार. ई उतरली होती. फार नाही, अर्ध्या सुराच्या पाव भागाइतकी असेल. पण आधाराचा स्वरच तेवढा उतरला तर वरचं सगळं वाकडं दिसतं.

मोकळ्या तारेची अडचण हीच आहे. दाबलेला स्वर उतरला असेल तर तार बोटानं जरा आडवी ओढून वर नेता येतो, मोकळ्या तारेला हात कुठे लावणार? मी एक केलं. नटच्या मागे, म्हणजे मानेच्या टोकाला असलेल्या खाचेच्या आणि खुंटीच्या मधे जो तारेचा तुकडा असतो, तो अंगठ्यानं खाली दाबला. स्वर चढला. आणि त्याच वेळी 'टिक' असा बारीक आवाज आला. अंगठा काढल्यावरही स्वर बराचसा चढलेलाच राहिला. त्या क्षणी मला एवढंच कळलं की गाणं पार पडेल. ती 'टिक' खरं तर मला सगळं सांगत होती, पण ऐकायला सवड नव्हती.

पुढच्या गाण्यांना मी ई तार सोडूनच दिली. ए तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सातव्या धातूच्या पट्टीवर, तोच स्वर एक सप्तक वर मिळतो, तिथे बसून राहिलो. सुरात होतं, पण तळ गेला होता. ऑक्टोपॅडवाला मित्र मध्यंतरात म्हणाला, "आज तू आहेस का नाहीस तेच कळंना." मला ते फार लागलं. ऑर्केस्ट्रात बेसकडे कोणी बघत नाही. टोनी वाझ राहुल देव बर्मन यांच्याकडे बेस वाजवायचे हे गाण्यावर जीव टाकणाऱ्या किती जणांना माहीत असतं? पण बेस नसला की समोर बसलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही काहीतरी कमी वाटतं. त्याला काय कमी आहे ते सांगता येत नाही, एवढंच.

घरी येऊन तारेवर खापर फोडलं. नवी तार सैल होतेच, पण तासभर वाजवून ओढून घेतलेली तार असं करत नाही, तेव्हा हीच खराब निघाली असणार, असा माझा हिशोब. दुसऱ्या दिवशी दुकानातून १०५ चीच सुटी ई आणली आणि घाईत चढवली. घाईत म्हणजे कशी? तार मोजली, कटरनं जादाचा भाग कापला आणि मग टोक वाकवून खुंटीत घातलं. हा क्रम उलटा आहे. तारेच्या आत एक गाभ्याची तार असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. काही तारांचा गाभा षटकोनी असतो, त्याचे कोपरे वरची गुंडाळी धरून ठेवतात. काहींचा गोल असतो, तिथे गुंडाळीला धरणारं काही नसतं. अशी तार आधी काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची. नाही तर कापल्या जागी गुंडाळी सुटते, गाभ्यावरून सरकते आणि तार मरते. पाकिटावर तसं छापलेलं होतं. मी वाचलं नाही.

पाचव्या दिवशी तासगावात ती तार पहिल्या गाण्यापासून मेलेली होती. छेडली की 'थप' आणि संपलं, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं. स्वराला शेपूटच नाही. आणि वर, तिसऱ्या गाण्यापर्यंत ती उतरलीसुद्धा. म्हणजे तार बदलूनही मूळ दुखणं तसंच होतं, भरीस भर मी नवीन जोडलं होतं. परत येताना टेम्पोत कोणी काही बोललं नाही. मालकांनी मानधनाचं पाकीट हातात दिलं, तेव्हा मला ते घेववत नव्हतं.

सोमवारी अर्धी रजा टाकली आणि बेस पाठीवर मारून मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. गिटार दुरुस्तीला मिरज का, असं कोणी विचारेल. माझं साधं गणित होतं. या गल्लीत दीडशेहून जास्त वर्षं तंबोरे आणि सतारी बनतात. पूर्वी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी इथे हे काम सुरू केलं. तार, लाकूड आणि ताण या तिन्हींचं एकमेकांशी काय नातं असतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? आणि खरं सांगायचं तर तिथले एक चाचा माझ्या आजोबांचा तंबोरा जवारीला, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार नीट करायला, घ्यायचे, त्यामुळे पायरी चढायला संकोच नव्हता.

चाचांनी बेस मांडीवर आडवा घेतला, वजन बघितलं, म्हणाले, "केवढं जड रं हे!" मग मला म्हणाले, "लाव सुरात." मी माझ्या सवयीनं लावला. खुंटी पिळून स्वर थोडा वर नेला आणि मग हळूहळू सोडत बरोबर जागेवर आणला. त्यांनी लगेच हात धरला.

"वरनं खाली का येतोस?"

"असंच लावतो, चाचा."

"खालनं वर यायचं. तंबोऱ्याला बी तेच, ह्याला बी तेच."

मग त्यांनी कान नटजवळ नेला आणि मला खुंटी सोडायला सांगितली. मी सोडत गेलो. खुंटी फिरत होती, स्वर हलत नव्हता. आणि मग एकदम 'टिक', स्वर धपकन खाली. तीच इचलकरंजीची टिक.

"तार न्हाई बिघडली," चाचा म्हणाले. "तार जिथं टेकतीया ती जागा बघ."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तो इतक्या उशिरा पडावा याचं वाईट वाटलं. नटची खाच १०० च्या तारेसाठी घासलेली. त्यात १०५ ची बसवली. फरक मिलिमीटरच्या आठव्या भागाचा, पण दोन्ही बाजूंनी घट्ट बसायला तेवढा पुरे. अशा तारेवर साधारण १८ किलोचा ताण असतो. खुंटी सोडली की खुंटीकडचा तुकडा आधी सैल होतो, वाजणारा भाग खाचेत अडकून ताणलेलाच राहतो. ट्यूनर वाजणाऱ्या भागाचा स्वर दाखवतो, हिरवा दिवा लागतो, मी खूश. मग दोन गाणी जोरात वाजवली की तार खाचेतून एकेक टिचकी पुढे सरकते, दोन्हीकडचा ताण सारखा होतो आणि स्वर उतरतो. त्यात मी सूर लावायचो पंख्याखाली, मेकअपच्या खोलीत, आणि वाजवायचो हॅलोजनखाली. तापलेली तार सैल पडतेच. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढत होत्या. जुन्या १०० च्या तारेला मी इतकी वर्षं वरून खाली येत सूर लावला, पण खाच मोकळी होती म्हणून ते खपून गेलं.

पुढचा अर्धा तास मी नुसता बघत बसलो. चाचांनी माझ्या गंजलेल्या जुन्या तारेचा वीतभर तुकडा मागून घेतला, त्याच्याभोवती बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि तो तुकडाच कानस म्हणून खाचेत चालवायला लागले. चार वेळा घासायचं, फुंकायचं, तार ठेवून बघायची. पुन्हा चार वेळा. खाच रुंद होत होती, पण खोल होऊ देत नव्हते, कारण खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर भरभरते आणि मग नट बदलण्यावाचून उपाय नाही. खुंटीच्या बाजूला खाचेला किंचित उतार ठेवला, म्हणजे तार फक्त पुढच्या कडेवर टेकेल. शेवटी शिसपेन्सिल घेतली आणि टोक खाचेत फिरवून काळं केलं. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची पूड तारेला सरकायला मदत करते. तार बसवली, पेठेतून येताना आणलेली नवी, या वेळी आधी वाकवून मग कापलेली. खुंटी फिरवली. स्वर लोण्यावरून बोट फिरावं तसा वर गेला. टिक नाही.

निघताना त्यांनी शेजारी उभा असलेला एक तंबोरा छेडला आणि घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर सरकवला. आवाज उघडला, दाटला, भुंगा फिरायला लागला. पुन्हा सरकवला, मिटला. पैसे विचारले तर म्हणाले, "पेन्सिलीचं काय घेऊ?" मी त्यांच्या नातवाच्या हातात ठेवले.

सातव्या दिवशी जयसिंगपूर. ताईंची पांढरी तीन पुन्हा तिसरीच आली. ई जागची हलली नाही. दुसऱ्या कडव्यात मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, इतका मी कान देऊन होतो. ताईंनी मागे पाहिलं नाही.

पण सातव्या-आठव्या गाण्यापासून भरभर सुरू झाली. स्वर जागेवर, पण तार फ्रेटवर आपटतेय. तंबोऱ्याची जवारी मुद्दाम कमावलेली असते, माझी ही नुसती खडखड होती. आता मला कुठे बघायचं ते माहीत होतं. एक टोक चाचांनी बघितलं होतं, दुसरं टोक राहिलं होतं. मध्यंतरात ब्रिजवर, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, मोबाइलचा उजेड मारला. ई तार ब्रिजवरच्या ज्या छोट्या तुकड्यावर, सॅडलवर, टेकते तिला उंचीचे दोन बारीक स्क्रू असतात. त्यातला एक सैल होऊन वर आला होता, सॅडल एका अंगाला कलली होती. खालच्या स्वरांच्या थरथरीनं स्क्रू हळूहळू फिरत होता आणि तार गाण्यागणिक खाली येत होती. कारखान्यात थरथरणाऱ्या मशिनच्या प्रत्येक बोल्टला आम्ही लॉकटाइट, म्हणजे आटे जाम करणारा चिकट द्रव, लावतो. स्वतःच्या वाद्याला लावावं हे सुचलं नव्हतं.

ॲलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची षटकोनी किल्ली, खिशात होती, लॉकटाइट कुठलं तिथे? लावणीच्या मुली शेजारी घुंगरं बांधत होत्या. त्यातल्या एकीकडे नेलपॉलिश मागितलं. तिनं का म्हणून न विचारता बाटली पुढे केली, लालभडक. सॅडल बेताच्या उंचीला आणली, ई पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधलं अंतर डोळ्यांनी बघितलं, स्क्रूच्या तोंडाशी एकेक थेंब सोडला. वाळायला वेळ हवा होता. कीबोर्डवाला म्हणाला, "दोन गाणी मी डाव्या हातानं बेस धरतो, तू बस." त्यानं धरला. मी विंगेत बसून स्क्रूवर फुंकर घालत होतो, आणि ती मुलगी रंगमंचावर जाता जाता थांबून बघून गेली.

तिसऱ्या गाण्याला उभा राहिलो. त्या दिवसानंतर राहिलेल्या सगळ्या तारखांना ई उतरली नाही आणि भरभरलीही नाही.

ते लाल थेंब अजून ब्रिजवर आहेत. पुढच्या वर्षी तारा बदलताना ॲलन कीच्या हलक्या झटक्यानं फुटले, पुन्हा लावले. केसच्या कप्प्यात आता शिसपेन्सिलीचा तुकडा असतो, ई आणि ए या दोन सुट्या तारा, आणि बायकोनं दिलेली नेलपॉलिशची अर्धी बाटली. सूर मी रंगमंचाच्या उजेडात उभा राहून लावतो, खालून वर.

परवा तालमीत डी तारेनं एकदा 'टिक' केलं. रविवारी मिरजेला जायचं आहे.